इंग्रजींतील आघातध्वनीचे शब्द आणि त्यांचें वाङ्मयांतील स्थान

शब्द आणि अर्थ यांचा संबंध निसर्गसिद्ध आहे कीं मनुष्यांनीं केवळ संकेतानें ठरविलेला आहे, हा वाद भाषाविचाराइतकाच जुना आहे. आणि या वादांत दोन्ही पक्षांनीं ज्यांना पुनःपुन्हां साक्षीस बोलाविलें ते साक्षीदार म्हणजे अनुकरणवाचक शब्द होत. इंग्रजी भाषेंत अशा शब्दांचें गोत मोठें आहे. त्यांतहि एक वस्तु दुसरीवर आदळली, आपटली किंवा आदळून फुटली असतां जो आवाज उठतो, त्याची नक्कल करणाऱ्या शब्दांची शाखा विशेष भरभराटलेली दिसते. बँग, थड, थंप, क्रॅश, स्मॅश, क्लॅश, क्लँग, व्हॅक, स्लॅम, नॉक हे शब्द इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला फारसे शिकवावे लागत नाहींत अशी आपली समजूत असते. आणि बहुधा या समजुतीमुळेंच त्यांच्या वांट्याला विचारापेक्षां उपेक्षा अधिक आली आहे.

ही उपेक्षा दोन प्रकारची आहे. कांहीं विद्वानांना हे शब्द पोरकट वाटतात. प्रौढ गद्यांत किंवा गंभीर काव्यांत त्यांना जागा देणें म्हणजे पंडितांच्या सभेंत खुळखुळा वाजविण्यासारखें आहे, असें त्यांचें मत. दुसऱ्या प्रकारची उपेक्षा आदराच्या वेषांत येते. आपल्या शाळाकॉलेजांत इंग्रजी अलंकारांची जी यादी पाठ करून घेतात तींत 'ऑनोमॅटोपिया' हें एक भारदस्त नांव असतें. कवितेंत असा एकादा शब्द दिसला कीं विद्यार्थी त्याखालीं रेघ ओढतो, समासांत अलंकाराचें नांव लिहितो आणि गुण मिळवून मोकळा होतो. त्या शब्दानें त्या ओळींत काय केलें, तो काढून दुसरा घातला असतां काय बिघडलें असतें, हें विचारण्याची गरज ना त्याला भासत ना त्याच्या गुरूला. आमचें म्हणणें असें कीं, हे शब्द खुळखुळेहि नव्हेत आणि यादींतलीं नांवेंहि नव्हेत. निसर्गांतला आघात इंग्रजी भाषेनें आपल्या मोजक्या वर्णांत उतरवून घेतला, त्या उतरवून घेण्याचीं हीं फळें आहेत. आणि वाङ्मयांत त्यांची किंमत नक्कल किती हुबेहूब आहे यावर ठरत नाहीं, तर ती कोणत्या जागीं आणि कोणत्या सोबतींत ठेविली आहे यावर ठरते.

वादाचा इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. आपल्याकडे यास्कानें निरुक्तांत 'काक' हा शब्द पक्ष्याच्या आवाजाच्या अनुकरणानें झाला असें सांगितलें, आणि अशा नांवांचा भरणा पक्ष्यांतच फार असतो असेंहि नमूद केलें. पण लगेच, असें अनुकरण मुळीं नसतेंच, हें औपमन्यवाचें विरोधी मतहि दिलें. ग्रीसमध्यें प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादांत सॉक्रेटिस 'र' हा वर्ण गतीचा व 'ल' हा गुळगुळीतपणाचा सूचक आहे असें प्रथम मांडतो, आणि मग स्वतःच दाखवून देतो कीं, ग्रीक भाषेंत काठिण्यवाचक शब्दांतहि 'ल' आहेच. तरीहि तो शब्द आपल्याला कळतो, तेव्हां रूढीचा हात तेथें मान्य केलाच पाहिजे. मॅक्स म्यूलर यानें १८६१ सालच्या आपल्या लंडन येथील व्याख्यानांत, भाषा अनुकरणांतून जन्मली या मताला कुत्र्याच्या भुंकण्यावरून 'बाउ-वाउ' असें टोपणनांव देऊन त्याची थट्टा केली. पुढें सोस्यूर याच्या मरणानंतर १९१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत या पक्षावर खरा घाव बसला. फ्रेंच भाषेंत चाबकाला 'फ्वे' आणि मृत्युघंटेला 'ग्ला' म्हणतात; फ्रेंच कानाला एकांत चाबकाचा फटकारा आणि दुसऱ्यांत घंटेचा टोल स्पष्ट ऐकूं येतो. परंतु पहिला शब्द लॅटिनमधील एका वृक्षाच्या नांवावरून आला आहे आणि दुसरा तुतारीच्या नादाशीं संबंध असलेल्या शब्दावरून. म्हणजे जो आवाज आज आपण ऐकतों तो मुळांत तेथें नव्हता. उच्चार झिजतां झिजतां तो योगायोगानें तेथें येऊन बसला.

सोस्यूरचा हा आक्षेप लक्षांत ठेवूनच इंग्रजी शब्दांची चिकित्सा करूं. मनुष्याचें तोंड हें वाद्य म्हणून तोकडें आहे. परंतु आघाताची नक्कल करण्यास तें आश्चर्यकारक रीतीनें सोयीचें आहे. 'प', 'ब', 'ट', 'ड', 'क', 'ग' हे वर्ण उच्चारतांना श्वासाची वाट क्षणभर पूर्ण बंद होते, मागें हवा दाटते आणि मग ती एकदम सुटते. ही क्रिया स्वतःच एक लहानसा आघात आहे. यासाठींच 'बँग' हा शब्द ओंठांच्या स्फोटानें सुरू होतो. नंतरचा उघडा स्वर मोठ्या आवाजाला तोंडभर जागा देतो. आणि शेवटचा अनुनासिक वर्ण नाकांत घुमत राहून आवाज मागें कसा रेंगाळतो तें दाखवितो. 'क्लँग' या शब्दांतहि धातूचें घुमणें याच शेवटच्या वर्णांत आहे; तेथें 'क' लावला कीं 'क्लँक' होतो, आणि घुमणारी घंटा जाऊन तिच्या जागीं खळ्‌कन् थांबणारी सांखळी येते. 'क्रॅश' व 'स्मॅश' यांच्या शेवटचा 'श' हा सूर नसलेला, पसरट सळसळाट आहे. वस्तूचे तुकडे होऊन चोहोंकडे उडाले हें तो सांगतो. उलट 'थड' या शब्दाच्या शेवटीं पसरणेंहि नाहीं आणि घुमणेंहि नाहीं. जड वस्तु मऊ जमिनीवर पडली आणि संपलें, एवढेंच त्यांत आहे. 'थंप' मध्यें 'म' हा अंगाच्या मांसलपणासारखा मध्यें येतो, म्हणून पाठीवर बसलेल्या गुद्द्याला तोच शब्द शोभतो.

स्वरांचें कामहि असेंच नेमकें आहे. 'क्लिंक', 'क्लँक', 'क्लंक' ही तिपेडी पाहावी. पहिल्यांत कांचेचे पेले एकमेकांस लागतात, दुसऱ्यांत सांखळी वाजते, तिसऱ्यांत अवजड लोखंडी वस्तु कशावर तरी बसते. व्यंजनें तींच, फक्त 'इ'कारापासून दाबलेल्या 'अ'कारापर्यंत स्वर उतरत जातो आणि वस्तु लहानाची मोठी होत जाते. 'व्हॅक' या शब्दांत तर काळहि चित्रित झाला आहे. आरंभीं ओंठ गोल करून सोडलेली हवा म्हणजे वेताची छडी हवेंतून येत असतांनाचा सूं असा आवाज, आणि शेवटचा 'क' म्हणजे ती लागल्याचा क्षण. आघात हा केवळ एक बिंदु नसून त्याला येणें, लागणें आणि निमणें अशा तीन अवस्था आहेत, हें या शब्दांनीं जितकें सूक्ष्मपणें ओळखलें आहे तितकें त्यांच्या निंदकांनीं ओळखलेलें नाहीं.

ही चिकित्सा कांहीं नवी नाहीं. ऑक्सफर्ड येथील गणिती जॉन वॉलिस यानें १६५३ सालीं लॅटिनमध्यें लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणांत अशा शब्दांच्या रांगाच्या रांगा लावून दाखविल्या आहेत. 'क्रॅश', 'क्लॅश', 'स्लॅश' यांच्या शेवटच्या ध्वनींत त्याला तीक्ष्ण व चपळ क्रिया दिसली, तर 'क्रश', 'पुश' यांच्या शेवटीं बोथट व मंद क्रिया दिसली. १९३० सालीं फर्थ यानें अशा समान तुकड्यांकडे पुन्हां लक्ष वेधलें, आणि १९३३ सालीं ब्लूमफील्ड यानें आपल्या भाषाशास्त्रावरील ग्रंथांत 'अॅश' या अंत्य तुकड्याशीं जोराच्या हालचालीचा व 'अंप' या तुकड्याशीं बोजडपणाचा संबंध जोडला. वॉलिसच्या या विवेचनाचा उतारा डॉक्टर जॉन्सननें १७५५ सालच्या आपल्या कोशाला जोडलेल्या व्याकरणांत घेतला खरा. परंतु त्यावर शेरा असा मारला कीं, यांत बुद्धीचा बारकावा आहे, तितका भरीवपणा नाहीं.

जॉन्सनचा हा शेरा सहज झुगारून देतां येत नाहीं. 'क्ल' या जोडाक्षरांत दोन कठिण वस्तूंचा आघात आहे म्हणावें, तर इंग्रजींत मेघाला 'क्लाउड' आणि मऊ मातीला 'क्ले' म्हणतात. 'क्र' यांत मोडतोड आहे म्हणावें, तर साय 'क्रीम' आहे आणि पाळणा 'क्रेडल' आहे. 'अॅश' यांत जोर आहे म्हणावें, तर त्याच ध्वनीनें राखहि सुचविली जाते आणि रोख रक्कमहि. शिवाय हे शब्दहि इतर शब्दांप्रमाणेंच झिजतात. 'नॉक' हा शब्द पाहावा. प्राचीन इंग्रजींत तो 'क्नॉकिअन' असा होता. आरंभींचा 'क' स्पष्ट उच्चारला जाई आणि दारावरची थाप त्या 'क' मध्येंच होती. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढें तो 'क' उच्चारांतून गळाला. आज लिहितांना तो मुका पहारेकऱ्यासारखा शब्दाच्या दाराशीं उभा असतो. पण ठोठावण्याचा पहिला आवाज गेला तो गेलाच. 'क्लँग' शब्दाचा संबंध लॅटिनमधील 'क्लँगेरे' या क्रियापदाशीं लावतात. तेथें तो रणशिंगालाहि लागे आणि पक्ष्यांच्या ओरडण्यालाहि लागे. जो शब्द एका देशांत शिंगाचा व दुसऱ्यांत ऐरणीचा होतो त्याला निसर्गाचा शुद्ध प्रतिध्वनि कसें म्हणावें?

मग सर्वच भास आहे काय? तसेंहि नाहीं. १९२९ सालीं एडवर्ड सपीर यानें 'मिल' आणि 'मल' असे दोन निरर्थक शब्द लोकांपुढें ठेवले व सांगितलें कीं, हीं दोन मेजांचीं नांवें आहेत. यांतलें मोठें मेज कोणतें? बहुसंख्य लोकांनीं 'मल' कडे बोट दाखविलें. त्याच वर्षीं कोलर यानें एक वळणदार व एक कोनदार अशा दोन आकृतींना दोन अर्थहीन नांवें जुळवावयास देऊन असाच प्रयोग मांडला. आणि रामचंद्रन् व हबर्ड यांनीं २००१ सालीं 'बूबा' आणि 'किकी' या नांवांनीं तो पुन्हां पुढें आणला, तेव्हां इंग्रजी बोलणारे अमेरिकन आणि तमिळ बोलणारे भारतीय या दोघांनींहि बहुतेक एकमतानें कोनदार आकृतीला 'किकी' ठरविलें. यावरून दिसतें तें इतकेंच कीं, ध्वनीच्या अंगीं कांहीं कल असतो. पण कल म्हणजे अर्थ नव्हे. उतार असला म्हणून ओढा वाहत नाहीं. वरून पाणी यावें लागतें. 'क्रीम' या शब्दांत 'क्र'चा कल निजलेला असतो, 'क्रॅश' मध्यें अर्थ येऊन त्याला जागा करतो. अर्थानें जागा केलेला ध्वनि असें या शब्दांचें लक्षण आम्ही करूं.

हें लक्षण मान्य केलें कीं काव्यचर्चेंतील एक जुना तंटा सुटण्यासारखा आहे. पोपनें १७११ सालच्या आपल्या टीकाविषयक पद्यग्रंथांत कवींना असा दंडक घालून दिला कीं, रचना कानाला न खटकणें एवढ्यानें भागत नाहीं, तिच्या नादांतूनच अर्थाचा पडसाद उठला पाहिजे. हा दंडक इतका लोकप्रिय झाला कीं वाचक प्रत्येक ओळींत पडसाद शोधूं लागले. जॉन्सननें १७८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पोपच्या चरित्रांत या वेडाची फार मार्मिक परीक्षा घेतली. पोपच्या नांवावर निघालेल्या 'ओडिसी'च्या भाषांतरांत सिसिफसची शिळा कष्टानें डोंगरावर चढते आणि गडगडत खालीं येते, त्या ओळी नादचित्राचा आदर्श म्हणून गाजल्या होत्या. जॉन्सननें त्याच चालीच्या, तसल्याच खडबडीत व घरंगळणाऱ्या अक्षरांच्या ओळी रचल्या. मात्र त्यांत विषय घातला तो गप्पागोष्टींत वाट सरविणाऱ्या आनंदी प्रवाशांचा. झालें! शिळा कोठें गेली, कष्ट कोठें गेले, कांहीं कळेना. त्याचा निष्कर्ष असा कीं, पुष्कळदां कानावर मनाची हुकमत चालते आणि आपण ध्वनीची पारख अर्थावरून करतों.

जॉन्सनचा प्रयोग निर्णायक आहे. पण त्यानें जें सिद्ध होतें असें समजलें जातें तें होत नाहीं. अर्थ नसेल तर ध्वनि बोलत नाहीं हें त्यानें दाखविलें. अर्थ असतांना ध्वनि कांहींच करीत नाहीं, हें मात्र त्यावरून ठरत नाहीं. याचें उदाहरण टेनिसनच्या १८४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'मॉर्त दार्थर' या काव्यांत सांपडतें. घायाळ आर्थर राजाला पाठीवर घेऊन सर बेडिव्हिअर हिवाळ्याच्या रात्रीं कडेकपारींतून तळ्याकडे उतरत आहे. चिलखताचा खणखणाट होतो, काळा कडा त्यास साद देतो, निसरड्या खडकाच्या टोकांवर त्याच्या लोखंडी टांचा आपटतात. येथें 'क्लॅश' आणि 'क्लँग' हे दोन उघड अनुकरणवाचक शब्द कवीनें वापरले आहेत. परंतु खरी गंमत त्यांच्या शेजाऱ्यांत आहे. कड्याला 'क्लिफ' व सुळक्याला 'क्रॅग' म्हणतात. हे शब्द कशाचीहि नक्कल करीत नाहींत. एरवीं शांतपणें भूगोलाच्या पुस्तकांत बसणारे हे शब्द 'क्लॅश'-'क्लँग' यांच्या संगतीला येतांच वाजूं लागतात. दोन अनुकरणवाचक शब्दांनीं सबंध परिच्छेदाच्या 'क'काराला घाव घालण्याचा अर्थ दिला, आणि मग जेथें जेथें 'क' आला तेथें तेथें टांच आपटली. इतक्यांत अकस्मात् तळें दिसतें, चांदणें दिसतें, आणि कवि कठोर वर्ण टाकून लांब स्वर व 'ल'कार घेतो. त्या ओळींत शांततेची नक्कल करणारा शब्द एकहि नाहीं. शांततेची नक्कल होत नसतेच. आपल्याला शांतता ऐकूं येते ती आतांपर्यंतचा खणखणाट थांबला म्हणून. विद्यार्थ्यानें रेघ ओढायची असेल तर ती 'क्लँग'खालीं न ओढतां या थांबण्याखालीं ओढावी.

आपल्या साहित्यशास्त्राला ही गोष्ट अपरिचित नाहीं. मम्मटादि आचार्यांनीं ओजोगुणाचीं व्यंजकें म्हणून टवर्ग, जोडाक्षरें, रेफयुक्त वर्ण व दीर्घ समास सांगितले. पण तो गुण रसाचा धर्म आहे, अक्षरांचा नव्हे, हें बजावून सांगितलें. जॉन्सनला जें प्रयोगानें दाखवावें लागलें तें त्यांनीं लक्षणांतच घालून ठेविलें होतें.

दुसरें उदाहरण याहून भारी आहे. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' नाटकांत डंकन राजाचा खून होतो आणि मारेकऱ्याचे हात अजून रक्तानें माखलेले असतांना बाहेरच्या दरवाजावर थापा पडूं लागतात. या थापांनीं आपल्या मनावर इतका विलक्षण परिणाम कां होतो, याचा उलगडा करण्यासाठीं डी क्विन्सीनें १८२३ सालीं एक निबंध लिहिला. खुनाच्या क्षणीं मनुष्यांचें जग जणूं बंद पडलेलें असतें, आणि दारावरची थाप तें पुन्हां सुरू झाल्याची वर्दी देते, असा त्याचा उलगडा आहे. तो आम्हांस मान्य आहे; पण डी क्विन्सीचें लक्ष आवाजाकडे होतें, आमचें शब्दाकडे आहे. रंगभूमीवर प्रथम केवळ आवाज होतो. तो भाषेच्या बाहेरचा आहे. मग झिंगलेला द्वारपाळ येतो आणि त्या आवाजाचा शब्द करतो. बाहेर थाप पडते कीं हा आंत 'नॉक, नॉक' म्हणतो, आणि स्वतःला नरकाचा द्वारपाळ कल्पून थट्टा करूं लागतो. शेक्सपिअरच्या काळीं त्या शब्दांतला 'क' अजून जिवंत होता. नटाच्या तोंडीं तो 'क्नॉक' असाच पडत असला पाहिजे, आणि लांकडावरची थाप व तोंडांतली थाप यांत आजच्याइतकें अंतर नसलें पाहिजे. पुढें पांचव्या अंकांत लेडी मॅक्बेथ झोपेंत चालूं लागते, हात धुण्याचा अभिनय करते आणि दारावर कोणी ठोठावीत असल्याचें बोलते. या वेळीं दारावर कोणीहि नाहीं. आवाज नाहीं, उरला आहे फक्त शब्द. पहिल्यानें आवाज, मग आवाज आणि शब्द यांची जोडी, आणि शेवटीं नुसता शब्द: या तीन पायऱ्यांत एका आघातानें दरवाजावरून मनुष्याच्या अंतःकरणापर्यंत प्रवास केला. अनुकरणवाचक शब्द पोरकट असतात असें म्हणणाऱ्यांनीं या तिसऱ्या पायरीवर उभें राहून आपलें मत पुन्हां तपासावें.

तिसरें उदाहरण पहिल्या महायुद्धांतलें. विल्फ्रेड ओवेन हा तरुण कवि १९१८ च्या नोव्हेंबरांत, युद्ध थांबण्यास आठवडा राहिला असतां, रणांगणावर पडला. १९१७ सालीं लिहिलेल्या त्याच्या एका प्रसिद्ध सुनीतांत, मरणाऱ्या सैनिकांसाठीं घंटा कोण वाजविणार असा प्रश्न आहे, आणि उत्तरांत तोफा व बंदुका आहेत. बंदुकींच्या आवाजासाठीं त्यानें 'रॅटल' हा शब्द योजिला. नक्कल म्हणून तो चोख आहेच; पण इंग्रजींत लहान मुलाच्या खुळखुळ्यालाहि 'रॅटल' म्हणतात आणि मरणोन्मुख मनुष्याच्या घशांतल्या घरघरीलाहि 'रॅटल' म्हणतात. पाळण्यापासून मरणापर्यंतचें सबंध आयुष्य त्या एका शब्दांत आहे; आणि ज्या पोरांचीं प्रेतें त्या कवितेंत पडलीं आहेत त्यांना खुळखुळा टाकून फार वर्षें झालेलीं नव्हतीं. शब्दानें नक्कल केली ती बंदुकीची. पण अर्थ आला तो त्या शब्दाच्या संसारांतून.

विसाव्या शतकानें या शब्दांचें आणखी एक रूप पाहिलें. अमेरिकन चित्रकथांत ते अक्षरांच्या रूपानें चित्रांतच शिरले. 'बॅटमॅन'च्या १९६६ ते १९६८ मधील दूरचित्रमालिकेंत तर गुद्दा बसला कीं पडद्यावर रंगीत अक्षरें झळकत. आवाज ऐकूं येत असतांनाहि तो वाचावयास मिळे. १९६३ सालीं लिख्टनस्टाइन यानें एक विमान दुसऱ्यावर अस्त्र सोडतें तें चित्र दोन मोठ्या फलकांवर रंगविलें, स्फोटाच्या ज्वाळेवर 'व्हाम' हीं अक्षरें लिहिलीं आणि चित्राला नांवहि तेंच दिलें. या चित्रापुढें उभें राहिलें असतां भीति वाटत नाहीं, आणि तोच त्याचा मुद्दा आहे असें आम्हांस वाटतें: अतिवापरानें आघाताचा शब्द आघातापासून तुटतो, आणि मनुष्य जळत असतां आपण अक्षरांचा रंग पाहत राहतों. दुसरीकडे हेच शब्द जेथें आवाज मुळींच नाहीं तेथें जाऊन बसले. १९२९ सालीं अमेरिकेंतील शेअरबाजार कोसळला त्याला 'क्रॅश' म्हणतात. तेथें कांच फुटली नव्हती, संसार फुटले होते. विश्वाच्या आरंभाविषयींच्या सिद्धान्ताला 'बिग बँग' हें नांव फ्रेड हॉइल यानें १९४९ सालीं बी. बी. सी.वरील भाषणांत दिलें. तो स्वतः त्या सिद्धान्ताचा विरोधी होता. ज्या घटनेच्या वेळीं ऐकावयास कान नव्हते आणि आवाज वाहून नेण्यास वाराहि नव्हता, तिचें नांव भाषेंतील अगदीं बाळबोध आवाजावरून पडावें, आणि तें सर्व पंडितांनीं स्वीकारावें, यावरून या शब्दांच्या चिवटपणाची कल्पना यावी.

आतां मराठी वाचकाच्या दृष्टीनें अत्यंत महत्त्वाचा प्रश्न उरतो तो भाषांतराचा. शि. म. परांजपे यांच्या 'मानाजीरावा'पासून शिरवाडकरांच्या १९५४ सालच्या 'राजमुकुटा'पर्यंत 'मॅक्बेथ' मराठींत येत राहिला आहे, आणि इंग्रजी कथाकादंबऱ्यांचीं भाषांतरें तर आज नित्याचीं झालीं आहेत. आघातध्वनींच्या बाबतींत मराठी मुळींच दरिद्री नाहीं. उलट 'ध', 'भ', 'ढ' हे घोष महाप्राण वर्ण आणि सबंध टवर्ग आपल्याजवळ असल्यामुळें जडपणाच्या छटा दाखविण्यास आपलें भांडवल अधिकच आहे. धपकन्, धाडकन्, बदकन्, फाडकन्, खणकन्, ठणकन् यांतला फरक समजावून सांगण्याची गरज मराठी मुलाला पडत नाहीं. इंग्रज 'नॉक' या एका शब्दावर भागवितो. आपण दारावर थाप मारतों, कडी वाजवितों, टकटक करतों किंवा दार ठोठावतों, आणि हात उघडा होता कीं मुठीचा होता, पाहुणा संकोची होता कीं उतावळा होता, तें शब्दावरूनच कळतें.

अडचण शब्दांची नाहीं, ती वाक्यरचनेची आहे. इंग्रजींत आघाताचा आवाज हाच क्रियापद होतो: दार 'स्लॅम' होतें, पेला 'स्मॅश' होतो, पोतें 'थड' होतें, क्रिया आणि तिचा नाद एकाच शब्दांत एकाच क्षणीं उरकतात. मराठींत खडखडणें, दणाणणें अशीं क्रियापदें आहेत, परंतु तीं बहुधा लांबणाऱ्या वा पुनःपुन्हां होणाऱ्या आवाजाचीं आहेत. एकाच घावाच्या आवाजाला आपण 'कन्' किंवा 'दिशी' जोडतों आणि मग निराळें क्रियापद आणतों: दार धाडकन् लागलें, पेला खळ्‌कन् फुटला. त्यामुळें इंग्रजी पानावर जेथें असे पांच क्रियापदशब्द ओळीनें येतात तेथें शब्दनिष्ठ भाषांतरकार पांच 'कन्' घालतो, आणि भयंकर प्रसंगाची तमाशांतली बतावणी होते. दुसरा भाषांतरकार या भीतीनें सारेच आवाज काढून टाकतो. दार 'बंद झालें', पेला 'फुटला', आणि प्रसंग मुका होतो. आमच्या मतें टेनिसनचा धडा येथें उपयोगीं पडावा. परिच्छेदांतला जो एक आघात मोलाचा असेल त्याला 'कन्' द्यावा, आणि बाकीच्यांसाठीं आदळणें, आपटणें, ठेचणें, कोसळणें हीं मूळचींच ठसठशीत क्रियापदें त्याच्या शेजारीं बसवावीं. त्या एकाच्या नादानें तींहि वाजूं लागतील. शिवाय एक सावधगिरी ठेवावी. चटकन्, पटकन्, झटकन् यांतला आवाज आपल्या भाषेंत केव्हांच निमाला असून तेथें केवळ वेग उरला आहे. इंग्रजींतहि 'स्मॅक' आणि 'बँग' हे शब्द कित्येक ठिकाणीं नुसता 'बरोबर नेमका' एवढाच अर्थ देतात. मूळ लेखकाच्या शब्दांत आवाज जिवंत आहे कीं मेलेला आहे हें ओळखल्यावांचून त्याला मराठी आवाज देऊं नये.

एवढा विस्तार करण्याचें कारण असें कीं, जो वाचक या शब्दांना केवळ नक्कल समजतो तो वाचतांना कानाचा उपयोग करण्याचें सोडतो, आणि कान न वापरतां वाचलेलें काव्य हें अर्धेंच वाचलेलें असतें. आणि जो केवळ कानावर विसंबतो त्याला जॉन्सननें रचलेले प्रवासी केव्हांहि फसवूं शकतात. भाषेंतला आघात दोन वस्तूंनीं होतो. एका बाजूनें ध्वनि येतो, दुसऱ्या बाजूनें अर्थ येतो, आणि त्यांची गांठ जेथें पडते तेथेंच आवाज उठतो. त्या गांठीची जागा शोधणें हें वाचकाचें काम, आणि ती विद्यार्थ्याला दाखवून देणें हें शिक्षकाचें. अलंकाराचें नांव त्यानंतर सांगितलें तरी चालेल.